जुन्या स्पोर्ट्स कारला टायर कुठले घ्यायचे: साताऱ्यातली एमजीबी आणि डिझायरचं माप

आमच्या मोठ्या काकांची 1967 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या इंग्लिश कंपनीची उघड्या टपाची दोन सीटर स्पोर्ट्स कार, गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. गाडी हातात आली तेव्हा टायर बघून मी एकदम खूश झालो होतो, नक्षी भरलेली, कुठं कट नाही, फुगा नाही, काका म्हणाले अरे जेमतेम पाच-सहा हजार किलोमीटर चाललेत, आत्ता बदलू नकोस. जूनचा पहिला पाऊस पडून गेला आणि मी कासहून यवतेश्वरचा घाट उतरत होतो, वेग चाळीसचा पण नसेल, एका साध्या डाव्या वळणाला मागची बाजू अशी निघाली की गाडी आडवी होऊन डोंगराच्या बाजूच्या चरात जाऊन थांबली. समोरून कुणी आलं नाही म्हणून निभावलं. दरीची बाजू असती तर हे लिहायला मी नसतो.

घरी येऊन टायरवरचा कोड वाचला तर 3408. म्हणजे 2008 सालचा 34 वा आठवडा. तेरा वर्षांचं रबर, लाकडासारखं कडक झालेलं, नखानं दाबलं तरी दबत नव्हतं. तेव्हापासून या विषयात जे काही वाचलं, विचारलं, करून बघितलं ते सगळं इथं टाकतोय, कारण आपल्याकडे जुनी गाडी प्रेमानं सांभाळणारे बरेच आहेत, पेंटवर आणि क्रोमवर लाख लाख घालतात आणि टायर मात्र "अजून चालतील" म्हणून तसेच ठेवतात. माझी गाडी एमजीबी आहे म्हणून उदाहरणं तिचीच येतील, पण तुमच्याकडे फियाट पालिओ 1.6 असो, जुनी होंडा सिटी व्हीटेक असो नाहीतर स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस असो, पायऱ्या त्याच.

आधी आत्ता लावलेले टायर वाचा

नवीन टायर शोधायच्या आधी जुन्यांची जन्मतारीख बघा. टायरच्या साइडला डीओटी असं लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. बऱ्याचदा हा पूर्ण कोड एकाच बाजूला असतो आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते, मग टॉर्च घेऊन गाडीखाली शिरायचं, नाहीतर चाक काढायचं, पण बघायचंच. तीनच आकडे दिसले तर तो टायर 2000 च्या आधीचा आहे, त्यावर गाडी दुकानापर्यंत पण चालवत नेऊ नका.

रबर न चालवता पण म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ऊन, उष्णता यानं ते कडक होत जातं आणि जो टायर उभा राहतो तो उलट लवकर खराब होतो, कारण रबरात भेगा पडू नयेत म्हणून जी तेलं-मेणं घातलेली असतात ती टायर फिरत राहिला, वाकत राहिला तरच पृष्ठभागावर येत राहतात. म्हणून रविवारी एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीचं नक्षीवरून काही कळत नाही. मोठ्या टायर कंपन्या साधारण असं सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की कसाही दिसत असला तरी काढा. माझं मत विचाराल तर आपल्या उन्हात आणि घाटात सहा-सात वर्षांच्या पुढं जाऊच नये. साइडवॉलला नक्षीच्या मुळाशी बारीक केसासारख्या भेगा दिसायला लागल्या की वर्षं मोजत बसू नका.

नक्षीची कायदेशीर मर्यादा 1.6 मिमी, खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण ओल्या रस्त्यावर त्याच्या खूप आधी फरक जाणवतो, पाणी बाहेर ढकलायला खाच उरत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पसरणीच्या घाटातून तिकडं जाणाऱ्यानं 3 मिमीलाच बदलावेत.

माप: इथंच सगळ्यात जास्त चुका होतात

टायरच्या दुकानात गेलं की पहिला सल्ला मिळतो तो रुंद घ्या म्हणून. साहेब ग्रिप वाढंल, गाडी भरलेली दिसंल. नव्या गाडीत कदाचित चालून जाईल, जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि का ते नीट समजून घेणं महत्त्वाचं आहे.

साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीचं सस्पेन्शन उंच, लवचिक साइडवॉलच्या टायरला धरून बनवलेलं असतं. माझ्या गाडीला मागं पाटे आहेत आणि चारही बाजूंना जुन्या पद्धतीचे लीव्हर शॉकअप. तिथं टायरचा लवचिकपणा हा सस्पेन्शनचाच एक भाग. शिवाय असा टायर सुटतो तेव्हा सांगून सुटतो, आधी थोडा कुरकुरतो, मग हळूहळू सरकायला लागतो, स्टिअरिंगमध्ये कळतं, ॲक्सिलरेटर थोडा सोडला की परत पकडतो. ही जी बोलण्याची क्रिया आहे ना, तीच या गाड्यांची मजा आहे आणि तीच सुरक्षितता पण आहे. रुंद आणि बुटक्या साइडवॉलचा टायर लावला की पकड थोडी वाढते, पण सुटताना तो एकदम सुटतो, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना खांदे भरून येतात, व्हील बेअरिंग आणि बुशवर जास्तीचा ताण येतो, रस्त्यावर चाकांच्या चाऱ्या पडलेल्या असल्या की गाडी त्या चारीच्या मागं धावते, आणि पावसात रुंद टायर पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. एवढं सगळं कशासाठी, तर फोटोत भारी दिसावं म्हणून.

आता मापाचा हिशोब. सुरुवातीच्या एमजीबीला 5.60-14 क्रॉस-प्लाय टायर (आतल्या धाग्यांचे थर तिरके एकमेकांवर असलेले, जुन्या पद्धतीचे) यायचे, पुढं 155 आणि 165 चे रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेले) आले. माझ्या गाडीला 165 आर14, म्हणजे 165 मिमी रुंद, रेडियल, 14 इंची रिमचा. जुन्या मापांत मधला आकडा लिहिलेला नसतो, तिथं साधारण 80 धरायचा, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 80 टक्के. 165 चे 80 टक्के म्हणजे 132 मिमी, वर आणि खाली धरून 264, त्यात 14 इंचाच्या रिमचे 355.6 मिळवा, झाला पूर्ण टायर 619.6 मिमी उंच.

हेच गणित दुसऱ्या मापांचं करून बघा. 185/70 आर14 येतो 614.6, म्हणजे एक टक्का पण फरक नाही, चालेल. 175/70 आर14 येतो 600.6, तीन टक्के कमी. 185/65 आर14 येतो 596 च्या आसपास, जवळजवळ चार टक्के कमी, 195/60 आर14 तर पाच टक्के कमी. टायर लहान झाला की स्पीडोमीटर खोटं जास्त दाखवतो, इंजिन त्याच वेगाला जास्त आरपीएमवर ओरडतं, हायवेला खंबाटकीपर्यंत जाईस्तोवर कान किटतात, आणि आधीच जमिनीला टेकलेली गाडी अजून खाली बसते, आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहितीच आहेत. मूळ उंचीच्या दोन टक्क्यांच्या आत राहायचं असा माझा नियम.

आणि आता जी गोष्ट सांगायला मला मनापासून आवडतं ती. मी 165 आर14 साठी आधी बाहेरून मागवायच्या मागं लागलो होतो. पिरेल्लीचा सिंच्युरॅटो सीए67 हा टायर या मापात अजून जुन्या गाड्यांसाठी बनतो, अप्रतिम टायर आहे, जुन्या नक्षीचा, पण जून 2020 मध्ये सरकारनं टायरची आयात प्रतिबंधित यादीत टाकली, तेव्हापासून लायसन्स असल्याशिवाय माल येत नाही, आणि मला जो भाव सांगितला गेला त्यात इथले चार टायर आले असते. महिनाभर यातच गेला. मग एका दुकानात उभा असताना शेजारी एका टॅक्सीवाल्या दादाची डिझायर टायर बदलायला आली, सहज साइडवॉलवर नजर गेली तर 165/80 आर14. तेच माप! आपल्या स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलांना हेच माप येतं, एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन सगळ्यांचं मिळतं, आणि खप एवढा की माल ताजा असतो. इंग्लंडमधली साठ वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार आणि सातारा-पुणे टॅक्सी, दोघींचा पायताणाचा नंबर एक निघाला.

तर तुमच्या गाडीचं माप पण आधी असं शोधा, की ते आज रस्त्यावर धावणाऱ्या कुठल्या गाडीला येतं. आपल्याकडे 185/70 आर14 महिंद्राच्या लोगन-व्हेरिटोला यायचं. ज्या मापाची रोज विक्री आहे ते घेतलेलं कधीही बरं, दुर्मिळ मापाचा टायर दुकानात चार वर्षं धूळ खात पडलेला असतो आणि तो तुमच्या गळ्यात नवीन म्हणून मारला जातो.

रिमची रुंदी पण बघायची बरं का. माझ्या तारांच्या चाकांची रुंदी साडेचार इंच आहे. त्यावर 165/80 आरामात बसतो, 185/70 ला साडेचार ही अगदी शेवटची मर्यादा, बसतो पण मधे फुगल्यासारखा बसतो आणि वळणात डुलतो, वर मागच्या आर्चला घासायची शक्यता. अलॉय बदलणार असाल तर बोल्टचं माप नक्की करा, फियाटचं 4 बाय 98 (चार बोल्ट, 98 मिमी व्यासाच्या वर्तुळावर) आणि होंडा, ह्युंदाई, स्विफ्टचं 4 बाय 100. दोन मिलिमीटरचाच फरक म्हणून पालिओला ते बोल्ट ओढून बसवणारे मी बघितलेत. बसतात, पण चाक मध्यावर बसत नाही आणि बोल्टवर तिरका ताण राहतो. करू नका.

लोड आणि स्पीडचं अक्षर

मापाच्या पुढं 85टी असं काहीतरी असतं. 85 म्हणजे एका टायरला 515 किलो, चार मिळून दोन टनाच्या वर, माझी गाडी साधारण साडेनऊशे किलो, प्रश्न मिटला. टी म्हणजे ताशी 190 पर्यंत, एमजीबी नवीन असताना पण 165-170 च्या पुढं जात नव्हती. एस 180, टी 190, एच 210, व्ही 240. व्हीआरएस सारखी टर्बो गाडी असेल तर कंपनीनं जे अक्षर दिलंय त्याच्या खाली उतरू नका, बाकीच्यांनी उगाच व्ही किंवा डब्ल्यू अक्षराच्या मागं पैसे घालवू नका.

कंपाउंड, नक्षी, आणि दुकानात काय विचारायचं

एक अडचण खरी आहे. टॅक्सीच्या मापाचे टायर मुळात जास्त चालावेत आणि ॲव्हरेज मिळावं म्हणून बनवलेले असतात, त्यातले काही खूप कडक असतात. आपल्याला उलटं हवंय, वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला लाख किलोमीटर टिकणारा टायर घेऊन करायचंय काय, तो झिजायच्या आधी वयानंच मरणार. म्हणून त्याच मापात मायलेजवाला आणि पावसाच्या पकडीवर भर दिलेला असे दोन मॉडेल असतील तर दुसरा घ्या. सिलिका जास्त असलेलं कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, ओल्यात चांगलं धरतं. काही टायरवर ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, 300, 400, 500 असा, जितका मोठा तितका टायर टिकाऊ, पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते त्यामुळं एका कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये तुलनेला ठीक, दोन वेगळ्या कंपन्यांत त्यावर भांडू नका. शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं, एए, ए, बी, सी, ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावरच्या पकडीचं असतं, वळणातलं नाही, तरी मी बी घेणार नाही.

आयएसआयचा शिक्का बघा, कारच्या टायरसाठी आयएस 15633. आणि एआयएस-142 नावाचा नियम आलाय, त्यात ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा अडथळा) आणि आवाज यांची किमान पातळी पास व्हावी लागते, नव्या डिझाइनच्या टायरना ऑक्टोबर 2022 पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या डिझाइनना 2023 पासून. म्हणून पण ताज्या तारखेचा माल घ्यायचा.

दुकानात गेल्यावर भाव विचारायच्या आधी चारही टायरच्या तारखा बघायला मागा. मी सहा महिन्यांच्या आतला माल घेतो, वर्षापर्यंत ठीक, त्याच्या पुढचा असेल तर सरळ सांगतो दुसरा मागवा. चारही एकाच मॉडेलचे, शक्यतो जवळजवळच्या आठवड्यातले. रिमोल्डचा (जुन्या टायरवर नवीन नक्षी चढवलेल्याचा) तर विषयच नको.

चार घ्यायला पैसे नसतील तर थांबा, पैसे साठवा. अगदीच दोन घ्यावे लागले तर नवीन दोन मागच्या चाकांना लावायचे, गाडी पुढून ओढणारी असली तरी. लोकांना हे उलटं वाटतं. पण पुढचं सटकलं तर गाडी सरळ जायला बघते, पाय उचलला की बहुतेक वेळा सावरते, मागचं सटकलं तर काय होतं ते मी वर लिहिलंय. आणि क्रॉस-प्लाय आणि रेडियल एका एक्सलवर कधीच मिसळू नका.

ट्यूब, तारा आणि बसवणं

तारांच्या चाकात ट्यूब लागतेच, स्पोकची टोकं रिमच्या आत निघतात तिथून हवा गळणार. साठ-सत्तरच्या काळातल्या बऱ्याच पत्र्याच्या रिमना पण टायरची कड धरून ठेवणारा आतला उंचवटा नसतो, हवा कमी झाली आणि जोरात वळलात की ट्यूबलेस टायर रिमवरून निसटू शकतो, म्हणून तिथं पण ट्यूबच टाकावी. ट्यूब रेडियलची आणि बरोबर मापाची हवी. पद्मिनीला 5.20-14 यायचे, त्याची 14 इंची ट्यूब कुणी तुमच्या 165 मध्ये कोंबायला बघंल, घेऊ नका, ती गरजेपेक्षा जास्त ताणली जाते आणि पातळ होते.

टायर चढवायच्या आधी तिथंच उभं राहून तीन गोष्टी करून घ्या. रिमच्या आत हात फिरवून स्पोकची टोकं वर आलीत का बघा, आली असतील तर घासून सपाट करा आणि वर रिमची पट्टी नवीन टाका. टायरच्या आतल्या बाजूला कागदी स्टिकर असतील तर सगळे काढा, ते ट्यूबला घासून घासून भोक पाडतात. आणि ट्यूबला टाल्कम पावडर लावा. माझ्या पहिल्या सेटला एका दुकानात ही स्टिकरची गोष्ट केली नव्हती, दोन महिन्यांत दोन पंक्चर, दोन्ही वेळा ट्यूब काढल्यावर स्टिकरच्याच आकाराची खूण. ट्यूबवाला टायर पंक्चर झाला की हवा हळूहळू नाही, भसकन जाते, घाटात ते परवडत नाही.

नक्षीला दिशा असेल तर साइडवॉलवर बाण असतो, आतली-बाहेरची बाजू वेगळी असेल तर तसं लिहिलेलं असतं. चाक गाडीला लावल्यावर स्वतः फिरून चारही बघा.

बॅलन्सिंग हा तारांच्या चाकाचा सगळ्यात चिवट प्रश्न. नेहमीच्या मशीनवर चाक मधल्या भोकाला शंकू लावून धरतात, पण हे चाक गाडीवर बसतं ते दात्यांच्या हबवर आणि आतल्या-बाहेरच्या उतारांवर, त्यामुळं साधा शंकू लावला की चाक मशीनवर वेगळंच बसतं आणि गाडीवर वेगळंच. मशीन शून्य दाखवतं, बाहेर काढली की ऐंशीला स्टिअरिंग थरथरतंय. दोन्ही उतार धरणारा वेगळा शंकू आणि कॉलर लागते. मी ते दोन तुकडे लेथवाल्याकडून बनवून घेतले, आता दुकानात जाताना सोबत नेतो. त्याआधी चाक स्वतः सरळ आहे का, स्पोक सैल नाहीत ना, हे बघा, पेन्सिल स्पोकवरून फिरवली की सैल स्पोकचा आवाज बद्द येतो, लगेच कळतो.

अलाइनमेंटच्या मशीनमध्ये तुमची गाडी सापडणार नाही. तिथला पोरगा मग जवळची म्हणून दुसरीच कुठलीतरी निवडतो. हँडबुकमधला आकडा लिहून न्या, माझ्या गाडीत टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) तेवढं सेट होतं, सुमारे दीड ते अडीच मिलिमीटर. आणि बुश, बॉल जॉइंट, किंगपिन ढिले असतील तर आधी ते करा, नाहीतर नवे टायर दोन हजार किलोमीटरमध्ये एका कडेनं खाल्ले जातात.

हवा

पंपावर गेलं की न विचारता 32-33 भरतात. साडेनऊशे किलोच्या गाडीत तेवढी हवा म्हणजे टायर मधेच टेकतो आणि गाडी खड्ड्यावर उडते. माझ्या हँडबुकात पुढं 21 आणि मागं 24 आहे. मी आजच्या टायरला पुढं 24, मागं 26 ठेवतो, घाटात असंच बरं वाटतं. मागं थोडी जास्त ठेवायची हा फरक मात्र मोडू नका, त्यानं मागची बाजू स्थिर राहते. स्वतःचा गेज घ्या, सकाळी गार असतानाच मोजा, तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो, सांगलीच्या मे महिन्यात दुपारी मोजून हवा सोडली तर सकाळी कमीच सापडणार. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देऊ नका, साध्या हवेत 78 टक्के तोच आहे.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चार-पाच पीएसआय जास्त भरून ठेवा, टायर खाली चपटा होत नाही. निघताना परत कमी करायला विसरू नका.

पहिले काही दिवस

नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेलं चिकट आवरण असतं, पहिले दोन-तीनशे किलोमीटर सावकाश. मी ते हायवेवर कराडपर्यंत जाऊन येऊन काढतो, लगेच घाटात जात नाही. ऊस तोडणीच्या दिवसांत कराड-इस्लामपूर पट्ट्यात रस्त्यावर ट्रॉलीतनं पडलेलं पाचट आणि चिखल असतो, पहाटेच्या दवात त्यावर कुठलाच टायर धरत नाही, तिथं वेगच कमी ठेवायचा. तसंच पहिल्या पावसाचं. वर्षभराचं तेल आणि धूळ त्या पहिल्या सरींत वर येते, दोन-तीन जोराचे पाऊस होऊन रस्ता धुतला गेला की मग गाडी काढा.

स्टेपनी पण बघा. माझ्या डिकीतली स्टेपनी 1990 च्या दशकातली निघाली, तीन आकड्यांचा कोड. आता पाचवा टायर पण त्याच सेटमधला आहे आणि सोबत एक जादाची ट्यूब पावडर लावून पिशवीत ठेवलीय, कारण पंक्चरवाल्याकडे ट्यूबची सवय कमी होत चाललीय.

आणि तारांच्या चाकाचा मधला मोठा नट डावी-उजवीकडचा वेगळा असतो, आटे उलटे, अदलाबदल झाली तर चालता चालता सैल होतो. दाते साफ करून हलकं ग्रीस लावा, चाक जमिनीवरून उचललेलं असतानाच तांब्याच्या हातोडीनं नट ठोका, आणि नवीन टायर लावून पहिले पन्नास किलोमीटर झाले की परत एकदा जॅक लावून चारही नट ठोकून बघा. माझा मागचा डावा दरवेळी अर्धा ठोका आत जातो.